गेमिंगसाठी डेस्कटॉप प्रोसेसरची तुलना : सोलापुरातील ग्राहकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेम खेळण्यासाठी पीसी जुळवून घ्यायचा म्हटले की पहिली चर्चा प्रोसेसरवरून सुरू होते, आणि बहुतेक वेळा ती ‘इंटेलचा आय५ घ्यावा की एएमडीचा रायझेन’ या एकाच वळणावर अडकते. प्रोसेसर कोणत्या ग्राफिक्स कार्डासोबत, कोणत्या मॉनिटरसमोर आणि कसल्या खोलीत चालणार आहे हे आधी ठरले नसेल, तर तुलनेचे सगळे आकडे खरे असूनही निर्णय चुकतो. खालील उत्तरे याच भूमिकेतून लिहिली आहेत.

गेम चालू असताना प्रोसेसर नेमके काय काम करतो?

पडद्यावर दिसणारे प्रत्येक चित्र, म्हणजे फ्रेम, रंगवण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते. पण त्या फ्रेममध्ये कोण कुठे उभा आहे, गोळी कुणाला लागली, गाडी वळणावर घसरली की नाही, संगणकाने चालवलेले पात्र पुढे काय करणार, हे सगळे ठरवून कार्डाला रंगकामाची यादी देण्याचे काम प्रोसेसरचे असते. ही यादी वेळेत तयार झाली नाही, तर कितीही महागडे कार्ड हात बांधून बसते.

वेळेचा हिशोब सोपा आहे. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर प्रोसेसरला प्रत्येक फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हव्या असतील तर ६.९ आणि २४० हव्या असतील तर केवळ ४.२ मिलिसेकंद. म्हणूनच ६० हर्ट्झच्या (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या) मॉनिटरवर जे दोन प्रोसेसर अगदी सारखे भासतात, त्यांच्यातला फरक २४० हर्ट्झच्या मॉनिटरवर डोळ्यांना जाणवू लागतो.

परीक्षणांमध्ये प्रोसेसरची चाचणी सर्वांत महागड्या कार्डावर आणि १०८०पी रिझोल्यूशनवर का घेतात? माझ्याकडे तर तसले कार्ड नाही.

या प्रश्नाचे उत्तर नीट समजले तर बाकीचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात, म्हणून ते थोडे सविस्तर देत आहे.

परीक्षकाला प्रोसेसरची मर्यादा मोजायची असते. त्यासाठी कार्डाचा अडथळा वाटेतून दूर करावा लागतो, आणि तो दूर करण्याचा एकच मार्ग म्हणजे आरटीएक्स ४०९० सारखे दांडगे कार्ड लावून रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांची संख्या, कमी ठेवणे. या पद्धतीत लबाडी काहीही नाही. उलट ४के रिझोल्यूशनवर घेतलेल्या चाचणीत सगळे प्रोसेसर एका रांगेत उभे दिसतात आणि त्यांच्याविषयी काहीच कळत नाही. मात्र त्या आलेखातला फरक तुमच्या घरी तसाच्या तसा मिळेल असे समजणे चुकीचे आहे.

आलेख वाचताना दोन वेगवेगळ्या मर्यादा शोधाव्यात. तुमचा गेम अमुक प्रोसेसरवर जास्तीत जास्त किती एफपीएस (सेकंदाला फ्रेम) देतो, हे प्रोसेसरच्या परीक्षणातून मिळते. आणि तोच गेम तुमच्या रिझोल्यूशनवर, तुम्हाला हव्या त्या सेटिंगमध्ये, तुमचे कार्ड किती एफपीएस देते, हे कार्डाच्या परीक्षणातून मिळते. या दोहोंपैकी जो आकडा लहान, तोच तुमच्या वाट्याला येतो. समजा एका गेममध्ये ‘अ’ प्रोसेसरची मर्यादा १३० आहे, ‘ब’ ची १९० आहे, आणि तुमच्या कार्डाची १०८०पी अल्ट्रा सेटिंगवरची मर्यादा ८५ आहे. तर ‘अ’ घ्या किंवा ‘ब’ घ्या, पडद्यावर ८५च दिसणार. अशा वेळी ‘ब’ साठी मोजलेली जादा रक्कम कार्डावर खर्च केली असती तर ती प्रत्येक फ्रेममध्ये दिसली असती. आरटीएक्स ४०६० किंवा आरएक्स ६६०० या वर्गातले कार्ड घेणाऱ्यांसाठी मी हा मुद्दा आग्रहाने मांडतो, कारण याच वर्गात प्रोसेसरवर नको तेवढा खर्च होताना दिसतो.

याला एक पोटनियम आहे. डीएलएसएस किंवा एफएसआर ही अपस्केलिंगची (लहान चित्र मोठे करून दाखवण्याची) सोय चालू केली की कार्ड आतून कमी रिझोल्यूशनवर चित्र तयार करते, त्याचा भार हलका होतो आणि अडथळा पुन्हा प्रोसेसरकडे सरकतो. तेव्हा १४४०पी मॉनिटर असूनही तुम्ही नेहमी अपस्केलिंग वापरणार असाल, तर १०८०पीवरचे प्रोसेसर-आलेख तुमच्यासाठी बरेच उपयोगी ठरतात.

माझ्या सध्याच्या पीसीत प्रोसेसर कमी पडतो आहे की कार्ड, हे घरच्या घरी कसे ओळखावे?

गेम नेहमीच्या सेटिंगवर चालवून एका ठरावीक जागेचे एफपीएस लिहून ठेवावेत, नंतर रिझोल्यूशन ७२०पीवर आणावे आणि त्याच जागी उभे राहून पुन्हा पाहावे. एफपीएस भराभर वाढले तर अडथळा कार्डाचा होता. आकडा जवळपास तिथेच राहिला तर अडथळा प्रोसेसरचा किंवा मेमरीचा आहे.

टास्क मॅनेजरमधल्या प्रोसेसरच्या टक्केवारीवर मात्र विसंबू नये. १२ थ्रेडच्या (एकाच वेळी १२ कामे हाताळणाऱ्या) प्रोसेसरमध्ये गेमचा मुख्य थ्रेड एकटाच पूर्ण ताणाखाली असेल, तर एकूण वापरात त्याचा वाटा ८ टक्क्यांच्या आसपासच दिसतो. ‘प्रोसेसर तर ३५ टक्केच चालतोय’ असे म्हणत ग्राहक नवे कार्ड घेतात आणि एफपीएस हलत नाहीत, ते यामुळेच. त्याऐवजी कार्डाचा वापर पाहावा. एफपीएसवर कोणतीही मर्यादा लावलेली नसताना कार्ड ९५ टक्क्यांच्या बरेच खाली राहत असेल, तर त्याला यादी वेळेवर मिळत नाही असा अर्थ होतो.

सरासरी एफपीएस पाहावेत की ‘१ टक्का लो’?

दोन्ही पाहावेत, पण निर्णय दुसऱ्यावर घ्यावा. ‘१ टक्का लो’ म्हणजे मोजलेल्या फ्रेमपैकी सर्वांत संथ १ टक्का फ्रेमचा वेग. सरासरी १४० असून हा आकडा ५० असेल, तर ऐन चकमकीत पडदा अडखळतो. सरासरी ११० आणि हा आकडा ८५ असेल, तर तो पीसी वापरायला जास्त चांगला वाटतो. सहा कोअर (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) आणि चार कोअर प्रोसेसरमधले अंतर अनेक नव्या गेममध्ये सरासरीत फारसे उमटत नाही, ते इथे उमटते.

एकच एकत्रित गुण देऊन प्रोसेसरची क्रमवारी लावणाऱ्या संकेतस्थळांवरून खरेदी करू नये, कारण त्या एका आकड्यात हा फरक दिसत नाही.

गेमसाठी किती कोअर पुरेसे आहेत?

सहा कोअर आणि १२ थ्रेड ही आजची व्यवहार्य पायरी आहे. इंटेलचा आय५-१२४००एफ, एएमडीचे रायझेन ५ ५६०० आणि रायझेन ५ ७६०० हे तिन्ही याच पायरीवरचे आहेत. आय३-१२१००एफ चार कोअरचा असूनही व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ उत्तम चालवतो. परंतु मोठ्या नगरांचे, गर्दीचे गेम त्याच्यावर अडखळतात. ज्याचा खेळ स्पर्धात्मक गेमपुरताच आहे आणि हात आखडता आहे, त्याने तो घ्यायला माझी हरकत नाही.

आठ कोअरचा विचार दीर्घकाळासाठी पीसी घेणाऱ्यांनी करावा. २०२० साली आलेल्या प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स या दोन्ही कन्सोलमध्ये आठ कोअरचे प्रोसेसर आहेत, आणि मोठे गेम त्यांच्यासाठीही तयार होतात. तरीसुद्धा जुन्या पिढीच्या आठ कोअरपेक्षा नव्या पिढीचे सहा कोअर गेममध्ये सहसा पुढे असतात, कारण गेमला कोअरच्या संख्येपेक्षा प्रत्येक कोअरचा वेग जास्त लागतो. १२, १६ किंवा २४ कोअरचे प्रोसेसर व्हिडिओ रेंडरिंग आणि थ्रीडी कामासाठी आहेत. केवळ गेमसाठी ते घेऊ नयेत.

‘एक्स३डी’ प्रोसेसर एवढे गाजतात, त्यांत असे काय वेगळे आहे?

फरक कॅश मेमरीचा आहे. प्रोसेसरला लागणारी माहिती रॅममधून आणायला त्याच्या मानाने फार वेळ लागतो, म्हणून वारंवार लागणारी माहिती तो स्वतःजवळच्या कॅशमध्ये ठेवतो. यंत्रमागावरच्या कामगाराला भरलेल्या कांड्या हाताशी असतील तर माग थांबत नाही, आणि प्रत्येक कांडीसाठी गोदामात जावे लागले तर माग कितीही वेगवान असून उपयोग नसतो. कॅशचेही तसेच आहे. गेममध्ये पुढच्या क्षणी कोणती माहिती लागेल याचा अंदाज बांधणे कठीण असते, त्यामुळे मोठ्या कॅशचा लाभ इतर कामांपेक्षा गेमला अधिक होतो.

एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या रायझेन ७ ५८००एक्स३डीने ही गोष्ट स्पष्ट केली. साध्या ५८००एक्समध्ये एल३ कॅश (सगळ्या कोअरच्या सामाईक वापरातली मोठी कॅश) ३२ एमबी होती आणि कमाल वेग ४.७ गिगाहर्ट्झ होता. एक्स३डीमध्ये वेग ४.५ गिगाहर्ट्झपर्यंत खाली आला, पण वर आणखी एक थर रचून कॅश ९६ एमबी करण्यात आली, आणि कमी वेगाचा हा प्रोसेसर बहुतेक गेममध्ये पुढे गेला. केवळ गिगाहर्ट्झ पाहून प्रोसेसर ताडणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे. पुढे एप्रिल २०२३ मध्ये ७८००एक्स३डी आला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ९८००एक्स३डी. या शेवटच्यात कॅशचा थर कोअरच्या वर न ठेवता खाली ठेवला आहे, त्यामुळे कोअरची उष्णता थेट वर कूलरकडे जाते आणि वेगही वाढवता येतो.

मग हे कुणी घ्यावेत? ज्यांच्याकडे वरच्या वर्गातले कार्ड आणि १४४ हर्ट्झपेक्षा वेगवान मॉनिटर आहे त्यांनी, आणि जे फ्लाइट सिम्युलेटर, नगररचनेचे किंवा प्रचंड सैन्याच्या डावपेचांचे गेम खेळतात त्यांनी अवश्य घ्यावेत. ६० किंवा ७५ हर्ट्झच्या मॉनिटरसमोर मध्यम कार्डासह ९८००एक्स३डी बसवणे हा पैशाचा अपव्यय आहे, आणि दुकानदाराने ते ग्राहकाला स्पष्ट सांगितले पाहिजे असे माझे ठाम मत आहे.

१६ कोअरच्या ७९५०एक्स३डी आणि ९९५०एक्स३डीमध्ये दोन चिप असतात आणि जादा कॅश त्यांपैकी एकीवरच असते. त्यामुळे गेम योग्य चिपवर चालावा याची काळजी विंडोज आणि ड्रायव्हरला घ्यावी लागते. निव्वळ गेमसाठी आठ कोअरचा एक्स३डीच सुटसुटीत.

एका ठिकाणी ‘आय७ गेमिंग पीसी’ फारच स्वस्तात मिळतो आहे. घ्यावा का?

आधी पिढी विचारा. आय७-३७७० हा २०१२ सालचा आणि आय७-४७७० हा २०१३ सालचा प्रोसेसर आहे, आणि असे पीसी नव्या चकचकीत, रंगीत पंख्यांच्या कॅबिनेटमध्ये बसवून ‘आय७’ एवढ्याच नावावर विकले जातात. दोन्ही चार कोअर, आठ थ्रेडचे आहेत, आणि २०२२ चा आय३-१२१००एफ त्यांना सहज मागे टाकतो. आय३, आय५, आय७ ही पायरी एकाच पिढीच्या आत अर्थपूर्ण असते. पिढी बदलली की ती तुलना लागू राहत नाही.

वेगापेक्षाही मोठी अडचण पुढे आहे. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून आणि रायझेन २००० मालिकेपासूनच्या प्रोसेसरवर चालते, आणि विंडोज १० चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी चालू असाव्या लागतात. अलीकडचे काही गेम एव्हीएक्स२ या सूचनासंचाशिवाय उघडतच नाहीत, आणि तो ३७७० मध्ये नाही. मुलांसाठी पीसी घेणाऱ्या पालकांनी कोटेशनवर ‘आय७’ एवढेच लिहिलेले असेल, तर पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून मागावा.

नावापुढच्या अक्षरांचा अर्थ काय?

इंटेलमध्ये ‘एफ’ म्हणजे अंतर्गत ग्राफिक्स नाही, आणि ‘के’ म्हणजे ओव्हरक्लॉकिंगची (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याची) मुभा. एएमडीमध्ये ‘जी’ म्हणजे त्यातल्या त्यात दमदार अंतर्गत ग्राफिक्स, ‘एक्स’ म्हणजे थोडा जादा वेग आणि बरीच जादा वीज. ‘एफ’ प्रोसेसर घेतला आणि पुढे ग्राफिक्स कार्ड दुरुस्तीला गेले, तर पडद्यावर काहीच दिसणार नाही. ज्यांचा पीसी अभ्यासाला किंवा हिशोबालाही लागतो त्यांनी किमतीतला थोडा फरक सोसून अंतर्गत ग्राफिक्स असलेलाच घ्यावा.

इंटेल घ्यावा की एएमडी?

कंपनीपेक्षा सॉकेटचा (मदरबोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेचा) विचार आधी करावा, कारण मदरबोर्ड एकदा बसला की पुढची वाट त्यानेच ठरते. एएमडीचा एएम५ सॉकेट सप्टेंबर २०२२ मध्ये आला. रायझेन ७०००, ८००० आणि ९००० या मालिका त्यावर चालतात, आणि २०२७ आणि त्यापुढेही त्याला पाठबळ देण्याचे कंपनीने जाहीर केले आहे. आज रायझेन ५ ७६०० घेणाऱ्याला काही वर्षांनी तोच बोर्ड ठेवून एक्स३डी बसवता येईल, हा त्याचा मोठा लाभ. इंटेलच्या बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीचा एलजीए १७०० सॉकेट तिथेच संपला आहे. त्यावरचा १२४००एफ आजही चांगला सौदा आहे, फक्त तो पुढे फार वाढवता येणार नाही हे गृहीत धरून घ्यावा.

इंटेलची ऑक्टोबर २०२४ मधली कोअर अल्ट्रा २०० मालिका आधीच्या पिढीपेक्षा कमी वीज घेते, परंतु गेममध्ये ती त्या पिढीतल्या १४९००के च्या पुढे गेली नाही, आणि तिला नवा सॉकेट व डीडीआर५ मेमरी दोन्ही लागतात. व्हिडिओ संपादनाचा व्यवसाय करणाऱ्याने तिचा विचार जरूर करावा, केवळ गेम खेळणाऱ्याला मी तिची शिफारस करणार नाही.

तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरविषयी एक इशारा द्यायला हवा. त्यांत गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जाऊन प्रोसेसर कायमचा अस्थिर होण्याचा दोष होता. इंटेलने ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोड (प्रोसेसरच्या अंतर्गत प्रोग्रामची दुरुस्ती) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. नवा घेतल्यास विंडोज टाकण्याआधीच बायोस (मदरबोर्डाचा मूळ प्रोग्राम) अद्ययावत करून घ्यावे. वापरलेला १३९००के किंवा १४९००के मात्र कितीही स्वस्त मिळाला तरी टाळावा, कारण आधीच झालेली झीज मायक्रोकोडने भरून येत नाही.

सोलापूरच्या उन्हाळ्यात कोणता प्रोसेसर टिकतो?

टिकण्याच्या दृष्टीने सगळेच टिकतात, कारण ठरावीक मर्यादा आली की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. ही मर्यादा ७८००एक्स३डीसाठी ८९ अंश, रायझेन ५ ७६०० साठी ९५ अंश आणि इंटेलच्या १४९००के साठी १०० अंश आहे. प्रश्न आहे तो वेग कमी होण्याचा.

कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोलीच्या तापमानावर ठरावीक अंशांची भर पडते. २५ अंशांच्या वातानुकूलित खोलीत ज्या प्रोसेसरचे तापमान ७५ दिसते, तो एप्रिल-मे मध्ये पारा ४२ वर गेलेला असताना, वरच्या मजल्यावरच्या किंवा पत्र्याच्या खोलीत, ९० च्या आसपास पोहोचतो. परीक्षणे आपल्यासारख्या उन्हात घेतलेली नसतात, त्यामुळे तिथे ‘कूलर पुरेसा आहे’ असे वाचले तरी आपण एक पायरी वरचा कूलर धरावा.

इथे प्रोसेसर किती वॅट वीज खातो ही बाब तुलनेच्या केंद्रस्थानी येते. १४९००के पूर्ण भाराखाली २५३ वॅटपर्यंत जाऊ शकतो. १२४००एफची कमाल मर्यादा ११७ वॅट आहे. गेममध्ये प्रत्यक्ष वापर यापेक्षा कमी असतो, पण जेवढे वॅट आत जातात तेवढी उष्णता त्याच खोलीत बाहेर पडते. याच कारणाने मी आपल्याकडे ६५ वॅटच्या प्रोसेसरना झुकते माप देतो. रायझेन ५ ७६०० आणि ७६००एक्स यांच्यात कमाल वेगाचा फरक ५.१ आणि ५.३ गिगाहर्ट्झ एवढाच आहे, तर वीजमर्यादा ६५ वॅटवरून १०५ वर जाते. एक्स आधीच घेतला असेल तर बायोसमध्ये इको मोड (कमी विजेवर चालण्याची सेटिंग) लावावा, एफपीएसमध्ये नाममात्र घट होते आणि पंख्याचा घरघराट थांबतो.

सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. दर उन्हाळ्यात पीसी अडखळतो. प्रोसेसर बदलावा का?

आधी कॅबिनेटची बाजू उघडून पाहावी. यंत्रमाग आणि टॉवेलचे कारखाने जवळ असलेल्या घरांत हवेतून सुताचे बारीक तंतू येतात, आणि ते साध्या धुळीसारखे सुटे राहत नाहीत. कूलरचा पंखा चार स्क्रू काढून उचलला की खाली ॲल्युमिनियमच्या पात्यांवर करड्या रंगाची, नमद्यासारखी घट्ट चकती बसलेली दिसते. वरून पंखा फिरत असतो, पण हवा पात्यांपर्यंत पोहोचत नाही. फुंकणीने ती आत ढकलली जाते, म्हणून आधी चिमट्याने किंवा मऊ ब्रशने अखंड उचलून काढावी आणि मगच हवा मारावी. थर्मल पेस्ट वाळली असेल तर ती पुसून नवी लावावी. समोरच्या जाळीला धूळगाळणी बसवून ती आठवड्याला झटकली, तर पुढचा त्रास बराच कमी होतो. या साफसफाईनंतरही तापमान योग्य असताना एफपीएस कमी राहिले, तरच नव्या प्रोसेसरचा विचार करावा.

वीजबिल आणि यूपीएसच्या दृष्टीने प्रोसेसरच्या निवडीने फरक पडतो का?

पडतो. दोन प्रोसेसरमध्ये गेम खेळताना १०० वॅटचा फरक असेल आणि रोज चार तास खेळ होत असेल, तर महिन्याला १२ युनिट जादा जातात. महावितरणच्या घरगुती दरांचे टप्पे १०० आणि ३०० युनिटांना बदलतात, त्यामुळे काठावर असलेल्या घरांना हे १२ युनिट महागात पडू शकतात.

यूपीएसचा मुद्दा मला याहून महत्त्वाचा वाटतो. बाजारातला सर्वसाधारण ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. १२४००एफ किंवा रायझेन ५ ५६०० सोबत ११५ वॅटचे आरटीएक्स ४०६० असेल, तर मॉनिटरसह तो सांभाळतो आणि गेम सेव्ह करून पीसी नीट बंद करण्याइतका अवधी देतो. मोठा प्रोसेसर आणि मोठे कार्ड एकत्र आले की तोच यूपीएस वीज जाताक्षणी बंद पडतो.

मेमरीचा प्रोसेसरच्या कामगिरीशी काय संबंध?

परीक्षणातले आकडे दोन रॅम आणि पूर्ण वेग गृहीत धरून दिलेले असतात. आपल्याकडे जोडून मिळणाऱ्या अनेक पीसींत १६ जीबीची एकच कांडी बसवलेली असते, आणि एकाच चॅनेलमुळे प्रोसेसर अर्धपोटी राहतो. त्याचा फटका ‘१ टक्का लो’ला सर्वाधिक बसतो. शक्य तिथे ८ जीबीच्या दोन घ्याव्यात.

दुसरी गोष्ट तर फुकटची आहे. बायोसमध्ये इंटेल बोर्डावर एक्सएमपी आणि एएम५ बोर्डावर एक्स्पो ही मेमरी पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग चालू केल्याशिवाय ६००० ची डीडीआर५ मेमरी बहुधा ४८०० वरच चालते. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर तिचा सध्याचा वेग दिसतो, तो आजच पाहून घ्यावा. रायझेन ७००० आणि ९००० साठी ६००० हा वेग योग्य मानला जातो. त्याहून महाग मेमरी घेण्यात गेमसाठी फारसा अर्थ नाही, आणि २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चढलेले असताना तर नाहीच.

ग्राफिक्स कार्ड नंतर घेणार आहे. तोवर ‘जी’ प्रोसेसर घ्यावा का?

कार्ड वर्षभर तरी येणार नसेल तर घ्यावा. रायझेन ५ ५६००जी हलके गेम कमी सेटिंगवर चालवतो, आणि ८६००जी त्याहून बराच पुढे आहे. पण दोघांचीही एल३ कॅश १६ एमबी आहे, म्हणजे ५६०० आणि ७६०० च्या निम्मी, त्यामुळे पुढे कार्ड आल्यावर ते साध्या भावंडांच्या मागे पडतात. कार्ड चार-सहा महिन्यांत येणार असेल, तर रायझेन ५ ७६०० घेऊन त्याच्या जुजबी अंतर्गत ग्राफिक्सवर तोवर भागवावे.

माझ्याकडे बी४५० बोर्डावर जुना रायझेन आहे. सगळा पीसी बदलावा लागेल का?

बहुधा नाही. बायोस अद्ययावत केल्यावर बहुतेक बी४५० बोर्ड (एएमडीच्या आधीच्या, एएम४ सॉकेटचे) रायझेन ५००० मालिका घेतात. पहिल्या किंवा दुसऱ्या पिढीच्या रायझेनवरून ५६०० वर जाणे ही माझ्या दृष्टीने सर्वांत किफायतशीर वाढ आहे, कारण बोर्ड, मेमरी आणि बहुधा कूलरही तोच राहतो. ५७००एक्स३डी कुठे वॉरंटीसह मिळाला, तर उत्तमच. बायोस अपडेट करताना पीसी यूपीएसवर असलाच पाहिजे. मध्येच वीज गेली तर बोर्ड सुरू होत नाही.

गेम खेळताना रेकॉर्डिंग आणि लाइव्ह प्रक्षेपण करायचे आहे. जास्त कोअर लागतील ना?

आता लागत नाहीत. एन्व्हिडियाच्या कार्डांतला एनव्हीएन्क हा वेगळा विभाग ते काम करतो, आणि सहा कोअर पुरतात.

वापरलेला प्रोसेसर घेताना काय तपासावे?

एएम४ प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरवरच असतात. तो डोळ्यांच्या उंचीवर आडवा धरून मोबाईलच्या टॉर्चचा उजेड एका कडेने टाकावा. पिनांच्या ओळींमधल्या फटी आरपार सरळ दिसल्या पाहिजेत, आणि प्रोसेसर ९० अंशांत फिरवून पुन्हा तसेच पाहावे, कारण एका दिशेला वाकलेली पिन दुसऱ्या बाजूने लपते. एएम५ आणि इंटेलच्या बाबतीत पिना बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, म्हणून तिथे बोर्ड तपासावा. त्यानंतर प्रोसेसर बसवून निदान अर्धा तास पूर्ण भारावर चालवून दाखवायला सांगावे, आणि झाकणावर कोरलेला मॉडेल क्रमांक व विंडोजमध्ये दिसणारा क्रमांक एकच आहे याची खात्री करावी.

नवा घेतानाही तो बॉक्समधला आहे की ट्रेमधला (कंपनीच्या खोक्याशिवाय सुटा विकलेला) हे बिलावर लिहून घ्यावे. ट्रे प्रोसेसर स्वस्त पडतो, पण त्याची वॉरंटी सहसा विक्रेत्यापुरतीच असते आणि सोबत कूलर मिळेलच असे नाही. तेव्हा कूलरची किंमत मिळवूनच दोन्हींचे भाव ताडावेत.